काटा

रात्री साडेनऊला मी ओट्यावरचा काटा पुसतो,
स्टीलचा वाडगा ठेवून शून्य करतो
आणि त्यात हेजहॉग सोडतो.
चारशे बारा ग्रॅम.

बायनं त्याचं नाव ठेवलं नीरफणस.
पणजीत नोकरीला होती तेव्हा कुणाकडून तरी आणला,
मग लाल पासपोर्ट घेऊन स्विंडनला गेली
आणि हा आला कुडचड्याला, रेल्वे फाटकाशेजारी, माझ्याकडे:
एक पिंजरा, एक चाक,
मांजराच्या खाण्याची अर्धी पिशवी.
"बाबा, फक्त लक्ष ठेव."

लक्ष ठेवणं तर माझा धंदाच होता.
सावर्ड्याच्या खाणीवर सव्वीस वर्षं वजनकाट्याच्या खोपीत:
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, निव्वळ.
खाण बंद पडली, कोऱ्या वह्या उरल्या.
त्यातली एक आता याची.

मडगावच्या डॉक्टर विल्मा फुर्तादो म्हणाल्या,
हा आजार सांगणार नाही हां,
रानात जो आजारी दिसला त्याला कुणीतरी खातं,
ते याच्या रक्तात आहे.
तुम्हीच बघायचं. नाकाला खपली धरली का,
शी हिरवी झाली का,
काटा गळला तर मुळाशी कोंडा आहे का.
आणि वजन. वजन खोटं बोलत नाही.
मी "हो" म्हटलं, जरा उशिरानं.

सोमवारी चारशे चार.
चाकाचा खडखडाट नव्हता म्हणून मला छान झोप लागली.
तिथंच कळायला हवं होतं.

बुधवारी तीनशे शहाण्णव. समोर किडा ठेवला
तर वसुलीला आलेल्या माणसाकडे बघावं तसं
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मागचा डावा पाय शेवाळावर घसरल्यागत जात होता.
फरशी ओली असेल, मी स्वतःला म्हटलं.
फरशी मीच पुसली होती, सकाळी.

शुक्रवारी बायचा फोन. किती भरला?
वाडग्यात तीनशे सत्त्याऐंशी.
"चारशे दहा," मी म्हणालो, "खातोय मस्त."

किती सहज वळली जीभ.
ट्रकात अठरा टन असायचे,
वरून निरोप यायचा, माझं पेन चौदा लिहायचं.
याला काटा मारणं म्हणतात.
आपण त्यातला रुपया घेतला नाही,
असं मी बायकोला जेवताना सांगायचो.
तिनं कधी विचारलं नव्हतं.

पावणेदोनला कोळशाची मालगाडी गेली.
काचा, बश्या, देव्हाऱ्यातली घंटी, सगळं हललं.
एरवी हा फटकन मिटतो, फुसफुसतो,
कपाळाची झालर डोळ्यांवर ओढून घेतो.
आज मिटला नाही.
हात घातला तर काटे आडवे,
भिजलेल्या कुंच्यासारखे,
आणि पोट फरशीइतकं गार.

बनियनच्या आत, छातीशी धरून बसलो उजाडेपर्यंत.
टोच रे, म्हणत होतो,
एकदा तरी टोच.

सकाळी खोक्यात गरम पाण्याची बाटली, वर जुना पंचा,
स्कूटरवर गुडघ्यांमध्ये खोका धरून मडगाव.
निघताना भरला होता तीनशे एकोणऐंशी.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?
मी वही पुढे केली.
त्यांचं बोट आकड्यांवरून उतरत गेलं,
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
शुक्रवारपाशी जरा थांबलं. तिथं खरा आकडाच होता.
खोटा फक्त फोनवर दिला होता.

त्यांच्या काट्यावर तीनशे एक्याऐंशी भरला.
दोन ग्रॅमचा फरक.
कुणाचा काटा चुकतोय, मी विचारलं नाही.
वहीत माझाच आकडा लिहिला.

आत त्याला सुई देत होत्या.
बाहेर बाकावर मी फोन लावला,
तिकडे अजून रात्र असणार.
बाय झोपेत म्हणाली, काय रे बाबा?
आणि दाराआडून,
अगदी बारीक,
एक फुसकारा आला.
की मला वाटलं, आला.
"ऐक," मी म्हटलं, "शुक्रवारचं वजन चुकीचं सांगितलं मी."